माळणारीच्या डोक्याला सुखाचा गजरा

(शेलू, ता. कर्जत, जि. रायगड येथे शेतकरी बंधू-भगिनींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषि विद्यापीठाचा माणूस कर्जत तालुक्यात आला म्हणजे तो भातावरच बोलणार, असे तुम्ही धरून चालता. ते साहजिकच आहे. कर्जतच्या संशोधन केंद्रावर १९१९ पासून भाताचे काम चालू आहे आणि या केंद्राच्या नावाचे वाण तुमच्या खाचरांत उभे असतात. आज मात्र मी गजऱ्यावर बोलणार आहे. ज्या भगिनी परसात मोगरा किंवा अबोली लावतात, किंवा कळी विकत आणून घरी गजरे करतात, त्यांच्यापुढे एक अडचण आहे. सणाला आणि लग्नसराईत गजरा हातोहात जातो. एरवी गिऱ्हाईक शोधावे लागते. "हल्ली कोणी रोज माळत नाही," असे म्हणून आपण विषय संपवतो. का माळत नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

विचारले तर उत्तरे सरळ मिळतात. केस आखूड आहेत, अंबाडा घालत नाही. गजरा जड होतो. आकडा टोचतो. पाणी मानेवर उतरते. वासाने डोके दुखते. गाडीत मागे टेकले की चुरगळतो. या तक्रारी नीट पाहिल्या तर बहुतेक सगळ्या गजरा करण्याच्या पद्धतीविषयी आहेत. त्या दूर करणे आपल्या हातात आहे, आणि त्याला यंत्र किंवा मोठे भांडवल लागत नाही.

डोक्याला त्रास कोठून होतो?

गजऱ्याचे वजन हातात घेतल्यावर काहीच वाटत नाही. पण तोच गजरा दोन आकड्यांवर लोंबत ठेवला की सगळा भार त्या आकड्यांत सापडलेल्या थोड्याशा केसांवर येतो. केस मुळाशी ओढले जातात आणि तासाभराने ठणका लागतो. रोज त्याच जागी अशी ओढ बसत राहिली तर तेथील केस विरळ होतात. ओझ्याची पाटी डोक्याच्या मधोमध चुंबळीवर असली तर मैलभर नेता येते, तीच एका बाजूला कलली तर दहा पावलांत मान अवघडते. गजऱ्याचेही तसेच आहे. वजन कमी हवे, पसरलेले हवे आणि डोक्याला लागून हवे.

दुसरा त्रास पाण्याचा. गजरा टवटवीत दिसावा म्हणून तो पाण्यात बुडवून काढण्याची पद्धत आहे. फुलांबरोबर दोराही पाणी धरतो. त्यामुळे वजन वाढते, टाळू ओली राहून खाजते, आणि दाबल्या गेलेल्या ओल्या कळ्या लवकर तपकिरी पडतात. बुडवण्यापूर्वी आणि नंतर गजरा लहान काट्यावर तोलून पाहा, म्हणजे आपण गिऱ्हाइकाच्या केसांना किती पाणी टांगतो ते कळेल.

तिसरा त्रास टोकांचा. तारेचे उघडे टोक, नायलॉन दोऱ्याची कडक गाठ आणि स्वस्त आकड्याचे धारदार टोक या तीन गोष्टी टाळूला बोचतात आणि केसांत अडकतात. गजरा काढताना चार केस तुटून आले की ती बाई आठवडाभर गजरा घेत नाही.

फूल कोणते निवडावे?

मोगरा हे आपले मुख्य फूल. त्याची पूर्ण भरलेली, पांढरी, पण न उमललेली कळी पहाटे तोडावी. ती संध्याकाळी उमलते. हिरवट कोवळी कळी उमलतच नाही, आणि उमललेले फूल गुंफताना पाकळ्या सोडते. कळी सारख्या आकाराची निवडली तर कमी कळ्यांत गजरा भरलेला दिसतो, म्हणजे वजनही वाचते.

अबोलीला वास नाही, हा तिचा दोष समजला जातो. ज्यांना उग्र वास सोसत नाही अशा गिऱ्हाइकासाठी तोच गुण आहे. शिवाय अबोलीचे फूल वजनाला अगदी हलके असते. हिवाळ्यात मोगरा मिळेनासा होतो तेव्हा कागडा उपयोगी पडतो. दिसायला तो मोगऱ्याच्या जवळचा आणि वासाला मंद आहे.

आपल्या कोकणातच आणखी दोन फुले आहेत, ज्यांचा विचार आपण कमी करतो. सिंधुदुर्गात उन्हाळ्याच्या सुरुवातीस सुरंगीचे वळेसर बाजारात येतात. दुसरे फूल बकुळीचे. बकुळीचे फूल पहाटे आपोआप गळते आणि त्याच्या मध्यभागी मुळातच भोक असते, म्हणून ते सुईशिवाय ओवता येते. वाळल्यावरही त्याचा वास टिकतो. हलका, कोरडा आणि अनेक दिवस चालणारा सर नोकरीवर जाणाऱ्या बाईला सोयीचा आहे. बांधावर किंवा घरामागे एखादे बकुळीचे झाड लावले तर पुढच्या पिढीलाही त्याचा उपयोग होईल.

दोरा आणि गुंफण

गजरा दोन रीतींनी होतो. सुईने ओवणे ही एक रीत. काम लवकर होते, पण सुई कळीच्या देठनळीतून जाते आणि टोचलेल्या जागेपासून कळी काळी पडू लागते. दुसरी रीत कळ्यांच्या जोड्या समोरासमोर ठेवून दोऱ्याच्या फासात देठ गुंफण्याची. हिला वेळ लागतो, पण कळीला इजा होत नाही आणि गजरा चपटा होऊन केसांना लागून बसतो. सुखाचा गजरा करायचा तर ही दुसरी रीत घ्यावी.

दोऱ्यासाठी केळीच्या सोपटाचा वाख सर्वांत चांगला. केळीचा घड उतरवल्यावर खोड आपण टाकून देतो. त्याचे सोप सोलून, सावलीत सुकवून, हाताने पातळ पट्ट्या काढून ठेवाव्यात. गुंफण्यापूर्वी थोडा वेळ पाण्यात भिजवून फडक्याने पुसल्या की त्या मऊ पडतात. हा वाख चपटा असल्यामुळे देठ कापत नाही, गाठ टोचत नाही आणि थोडासा ओलावा फुलाला पुरवत राहतो. तो नसेल तर जाड, मऊ सुती दोरा वापरावा. नायलॉनचा दोरा वापरू नये.

उडुपीच्या शंकरपुरा भागातील शेतकऱ्यांकडून यातले बरेच शिकण्यासारखे आहे. तेथे मल्लिगेच्या कळ्या केळीच्या वाखाने गुंफून मोजून विकतात. ८०० कळ्यांचा एक चेंडू आणि चार चेंडूंची एक अट्टे, असे त्यांचे माप आहे. माप मोजणीचे असल्यामुळे पाणी मारून वजन वाढवण्यात कोणाचाच फायदा नाही, आणि गुंफण्याची मजुरी गावातच राहते. आपण सुटी कळी तोलून देतो आणि गुंफणीचे पैसे दुसऱ्याच्या हाती जातात.

बसवण्याची सोय : तीन नमुने

पहिला नमुना अंबाड्यासाठी. अंबाड्याभोवती एकदाच फिरेल एवढीच लांबी ठेवावी. दोन्ही टोकांना वाखाचे लहान फास ठेवावेत आणि आकडा फुलांतून न खुपसता त्या फासातून घालण्यास सांगावे. लोंबते शेपूट ठेवू नये. गोल बसलेल्या गजऱ्याचा भार सगळ्या अंबाड्यावर वाटला जातो.

दुसरा नमुना शेपटी बांधणाऱ्या मुलींसाठी. कापड चढवलेले रुंद रबर घ्यावे आणि त्यावर चार-पाच इंचांचा गजरा दोन ठिकाणी बांधावा. नुसते रबर केसांत रुतते, कापडाचे रुतत नाही.

तिसरा नमुना आखूड केसांसाठी. टिकटिक पिनेवर मऊ सुती कापडाची पट्टी शिवून घ्यावी आणि तिच्यावर अबोलीचा किंवा मोगऱ्याचा वीतभरापेक्षाही लहान गुच्छ बांधावा. पिनेचा चपटा भाग टाळूकडे यावा, गाठी वरच्या बाजूस याव्यात. हा गजरा कानाच्या वर बसतो, त्यामुळे लोकलमध्ये डोके मागे टेकले तरी चुरगळत नाही. पिन गिऱ्हाइकाकडे राहते, रोज फक्त फुले बदलायची. शेलूहून दादरला जायला दीड तासाच्या आसपास लागतो. एवढा वेळ उभे राहून किंवा दाटीत बसून जाणाऱ्या भगिनींसाठी हा नमुना मुद्दाम करून पाहावा.

गजरे केळीच्या किंवा पळसाच्या पानात गुंडाळावेत आणि ओले फडके पानाच्या बाहेरून ठेवावे. फुलांवर पाणी शिंपडू नये.

कळीवरील फवारणी

भाजी धुऊन खातात, गजरा कोणी धूत नाही. तो दिवसभर टाळूला आणि मानेला लागून राहतो, रात्री उशाशी असतो. म्हणून मोगऱ्यावरील कळी पोखरणाऱ्या अळीचा बंदोबस्त करताना फार सावध राहिले पाहिजे. जांभळट पडलेल्या, भोक असलेल्या कळ्या रोज वेचून नष्ट कराव्यात. झाडाखाली पडलेला पालापाचोळा काढावा. ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी कळ्या धरण्यापूर्वी करावी, म्हणजे त्याचा वास फुलाला लागत नाही. रासायनिक औषध मारावेच लागले, तर डब्यावर दिलेला काळ संपेपर्यंत त्या झाडांच्या कळ्या गजऱ्यात घालू नयेत, मग भाव कितीही चढा असो. फुलांना शाई किंवा रंग लावण्याचाही मोह टाळावा. घामाने तो मानेवर उतरतो.

घरची चाचणी

शेतात आपण नवीन वाण थेट सगळ्या खाचरांत लावत नाही. शेजारी जुना वाण ठेवून तुलना करतो. गजऱ्याचीही तशीच चाचणी घ्यावी. पाच-सहा जणी निवडाव्यात. त्यांत दाट केसांची, विरळ केसांची, आखूड केसांची आणि एखादी वयस्क बाई असावी. एक दिवस नेहमीचा गजरा द्यावा, दुसऱ्या दिवशी नवा. एका वेळी एकच बदल करावा. फूल, दोरा आणि पिन तिन्ही एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. संध्याकाळी चार प्रश्न विचारावेत : गजरा डोक्यावर आहे याची आठवण केव्हा झाली? कोठे टोचले किंवा ओढले? किती वेळाने काढला? काढताना केस तुटले का? उत्तरे वहीत तारखेसह लिहावीत. जो गजरा माळल्याचा विसर पडतो, तो चांगला जमला असे समजावे. शेजारणी संकोचाने "छानच आहे" म्हणतात, म्हणून गजरा किती वेळाने काढला याला तोंडी स्तुतीपेक्षा जास्त महत्त्व द्यावे.

लागवडीबद्दल थोडेसे

मोगऱ्याच्या मुळांशी पाणी साचलेले चालत नाही. आपल्याकडे पाऊस ३,००० मि.मी.हून अधिक पडतो, म्हणून भाताच्या खाचरात मोगरा लावू नये. घराजवळची उंचवट्याची किंवा निचऱ्याची वरकस जमीन निवडावी. साधारण १.२ मीटर अंतरावर ३० सें.मी. लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन प्रत्येकी १० किलो चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि पावसाच्या सुरुवातीस मुळे फुटलेली कलमे लावावीत. नोव्हेंबर अखेरीस पाणी तोडून जमिनीपासून सुमारे ४५ ते ५० सें.मी. उंचीवर छाटणी करावी, नंतर खत देऊन पाणी सुरू करावे. बहर उन्हाळ्यात येतो, तेव्हा भाताची कामे नसतात. मात्र उन्हाळ्यात पाणी देण्याची सोय असेल तरच आणि तेवढीच झाडे लावावीत. पालघर जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगड भागातील आदिवासी शेतकरी मोगऱ्याच्या कळ्या दादरच्या फूलबाजारात पाठवतात. सुट्या कळीत त्यांच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा, स्टेशन जवळ असल्याचा फायदा घेऊन तयार गजरा देणे तुम्हाला सोयीचे होईल.

हिशेब

शेवटी पैशाचे. गुंफण्याला वेळ लागतो, तो हिशेबात धरलाच पाहिजे. समजा, दोन तासांत २० गजरे झाले, तर एका गजऱ्याला सहा मिनिटे पडली. या सहा मिनिटांची मजुरी, कळीची किंमत, पिनेची किंमत आणि न खपलेल्या गजऱ्यांची तूट एवढे मिळवून मगच भाव सांगावा. घरच्या बाईचे काम फुकट धरून लावलेला भाव पुढे कधीच वाढत नाही. पिनेची किंमत एकदाच वेगळी घ्यावी. रोजच्या गिऱ्हाइकांची यादी ठेवून सांगितल्याप्रमाणेच गजरे करावेत, म्हणजे फुले वाया जाणार नाहीत.

भगिनींनो, कळीचा भाव बाजार ठरवतो. तो तुमच्या हातात नाही. पण गजरा टोचणार नाही, ओला लागणार नाही आणि केस ओढणार नाही, एवढे नक्कीच तुमच्या हातात आहे. येत्या मोगऱ्याच्या बहरात दहा-दहा गजऱ्यांची चाचणी घ्या, वहीत नोंदी ठेवा आणि त्या वह्या घेऊन पुढच्या बैठकीला या. कोणता नमुना पुढे न्यायचा, ते तुमच्या नोंदी पाहूनच ठरवू.