सुखाचे माप

‘सुखी कोण?’ हा प्रश्न फार प्राचीन आहे, ‘किती सुखी?’ हा प्रश्न मात्र अलीकडचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९६५ साली त्यासाठी एक शिडी कल्पिली. वरची, म्हणजे दहावी पायरी म्हणजे स्वतःला शक्य असलेले सर्वोत्तम जीवन आणि तळाची, शून्याची पायरी म्हणजे सर्वांत वाईट. आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे ज्याचे त्याने सांगायचे. २०१२ साली सुरू झालेल्या जागतिक आनंद अहवालातील राष्ट्रांचा अनुक्रम याच शिडीवर आधारलेला आहे. २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षे फिनलंड त्यात अग्रस्थानी राहिला.

परंतु हे उत्तर देणारा कोण? डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल काहनेमन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी चालू असताना रुग्णांकडून दर मिनिटाला वेदनेचा अंक घेण्यात आला. कोणाची तपासणी चार मिनिटांत आटोपली, तर कोणाची तासाभराहून अधिक चालली. नंतर ‘एकूण त्रास किती झाला?’ असे विचारले असता, कालावधीचा हिशेब मनाने जवळजवळ ठेवलाच नव्हता असे दिसून आले. ध्यानात राहिली ती सर्वांत तीव्र कळ आणि अखेरचे काही क्षण.

याचा अर्थ, भोगणारे मन एक आणि आठवणारे मन दुसरे. शिडीची पायरी सांगते ते मागे वळून पाहणारे मन. प्रत्यक्ष सोसणाऱ्या मनाला तेथे बोलायची संधीच मिळत नाही. मग वैद्याने कमी करायची ती वेदना, की वेदनेची स्मृती? शासनाने वाढवायचे ते सुख, की सुखाविषयीचे मत?

म्हणून मोजमापच टाकून द्यावे, असे मात्र नव्हे. जे मोजले जात नाही, ते धोरणातून सहज निसटते. भूतानने २००८ च्या राज्यघटनेत सकल राष्ट्रीय आनंदाला स्थान दिले. त्याच्या सर्वेक्षणात एका अंकावर न थांबता आरोग्य, शिक्षण, संस्कृती, पर्यावरण अशा नऊ क्षेत्रांची विचारपूस होते. झोप किती आणि काम किती, हेही पाहिले जाते. गॅलप संस्थेच्या जागतिक पाहणीत तर शिडीबरोबरच कालच्या दिवसाविषयी विचारतात : काल दिवसभर आपल्याला सन्मानाने वागविले गेले का? काल आपण पुष्कळ हसलात का?

प्रश्न साधे आहेत. पण भोगणाऱ्या मनाच्या अधिक जवळचे आहेत. घरातील वृद्धांना ‘बरे आहे ना?’ असे विचारले, की ‘बरे आहे’ एवढेच उत्तर येते आणि विचारणाऱ्याचे समाधान होते. ‘कालचा दिवस कसा गेला? झोप लागली का? कोणी बोलायला आले होते का?’ असे विचारण्यास वेळ लागतो, बसावे लागते आणि उत्तर ऐकून काही करावेही लागते. सुखाचे माप घेण्यातील खरी अडचण तेथेच आहे आणि त्याचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा.