पिसं काढायचं यंत्र कुणाच्या ताब्यात?

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज कोंबडीची पिसं काढायच्या यंत्राबद्दल बोलायचं आहे. विषय ऐकून काहीजणी हसल्या, बरं झालं. हुंडा, मारहाण, पोटगी यावर आपण बोलतो, कोंबडी सोलण्यावर कधी बोलत नाही. पण घरी कोंबडी कापतात तेव्हा काय होतं ते आठवा. बाप्यामाणूस सुरी चालवतो आणि दोन मिनिटांत मोकळा होतो. आधण ठेवणं, पिसं उपटणं, जाळावर भाजणं, आतडी काढणं, रक्ताची जागा धुणं हे सगळं बाईकडे. तरी गावात सांगतात, "त्यानं कोंबडी केली."

ब्रॉयलरच्या दुकानात हा प्रश्न येत नाही. दुकानदार पिसांसकट कातडीच ओढून टाकतो. गावरान कोंबडीचं गिऱ्हाईक मात्र भाजलेली कातडी मागतं, म्हणून पिसं काढावीच लागतात. धुळवड, आखाड, पोळ्याची कर आली की दहा-पंधरा पक्षी एकदम जातात. तेव्हा बाया पहाटेपासून वाकून बसतात.

यंत्र साधं आहे. पत्र्याचं किंवा स्टीलचं पिंप, आतून रबराची बोटं, तळाला मोटरीवर फिरणारी बोटांचीच थाळी. आधणातून काढलेला पक्षी आत टाकायचा, वरून पाणी सोडायचं. अर्ध्या-एक मिनिटात पिसं खालून वाहून जातात. पण सगळं अवलंबून आहे आधणावर. पाणी साधारण ६० अंश असावं आणि पक्षी मिनिटभर बुडवून हलवावा. थर्मामीटर घ्याच, बोट बुडवून अंदाज नको. पंखाचं मोठं पीस सहज निघालं की पक्षी तयार. पाणी जास्त तापलं तर कातडी फाटते, आणि फाटक्या कातडीला गावरानचा भाव येत नाही. जून कोंबड्याला थोडा जास्त वेळ लागतो. पक्षी पूर्ण निपचित झाल्याशिवाय, रक्त गळून गेल्याशिवाय आधणात घालू नये. ते क्रौर्य आहे आणि मांसही खराब होतं. ओल्या जमिनीवर मोटर चालते, तेव्हा अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच लागतोच. तिथे काटकसर करणाऱ्या गटाशी मी भांडते.

आता मुद्द्याचं. बंगालात ढेकीवर भात कांडून हजारो बाया पोट भरत होत्या. भाताच्या गिरण्या आल्या आणि तो रोजगार गेला. गिरणीवर पगारी कामाला बहुतेक पुरुष लागले. एस्टर बोसरप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० साली हेच जगभरच्या शेतीबद्दल दाखवलं: नवं अवजार आलं की ते पुरुषाच्या हाती जातं, बाई जुन्या हत्याराशी राहते. आपल्याकडे कोंबडी-अंड्याचा पैसा आजवर बाईच्या कनवटीला राहिला, कारण तो थोडा होता. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे ३१ कोटी ७० लाख निघाल्या, २०१२पेक्षा जवळपास ४६ टक्के जास्त. धंदा वाढतो तसे घरातले पुरुष खुराड्याकडे बघायला लागतात. सोलण्याचं किचाट काम होतं तोवर "बायकांचं" होतं. बटण दाबायचं झालं की ते "तांत्रिक" होतं, आणि बाई पिसं भरायला उरते.

म्हणून सांगते, यंत्राचं बिल गटाच्या नावावर घ्या, अध्यक्षबाईंच्या मालकांच्या नावावर नको. दोघी-तिघींनी मोटर उघडायला, रबरी बोटं बदलायला शिकावं. पक्ष्यामागे दर ठरवा आणि गटातल्या बाईच्या घरचा पक्षी असला तरी तो वहीत लिहा. फुकट केलेलं काम कुणी मोजत नाही. माळकरी मैत्रिणीला हात लावायचा नसेल तर तिच्यावर जबरदस्ती नको. वही, वसुली, बाजार ही कामंही कामंच आहेत.

विक्री करायची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. २०११च्या नियमावलीत दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंतच्या कामाला लहान उद्योग मानलं आहे, त्यामुळे घाबरू नका. पिसं, रक्त, आतडी नाल्यात टाकू नका. खड्ड्यात शेणमातीसोबत कुजवा, खत चांगलं होतं. पक्षी आजारी दिसले तर काम बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या फार्मांबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या.

वाचलेल्या वेळाचं काय, हेही विचारते. कापूस वेचणीच्या दिवसांत तो तास मजुरीला जातो, म्हणजे बाई बसतच नाही. तरी मजुरी तिच्या हातात येते, आधणापाशी तेवढंही नव्हतं.

वीज कुणाच्या घरातून घ्यायची, हे दोन गटांत अजून ठरलेलं नाही. ज्याच्या घरातून वीज, त्याचंच यंत्र असं व्हायला वेळ लागत नाही. त्यांनी गावठाणातलं वेगळं मीटर घ्यायचं की भाडं लिहून द्यायचं, हे आधी ठरवावं आणि मगच पैसे भरावेत.