बैलाचे दात आणि झिजलेली दाढ

आज दातांबद्दल बोलूया, पण आपल्या नाही, जनावरांच्या.

जालन्याचा बाजार घ्या नाहीतर आपल्या जिल्ह्यातला कुठलाही गुरांचा बाजार, बैल बघायला आलेला माणूस आधी त्याचं तोंड उघडतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती, सहा दाती, की जुळला? त्यावर किंमत ठरते. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे फक्त कडक हिरडी. खाली आठ दात. दोन-अडीच वर्षांपर्यंत ते सगळे दुधाचे, म्हणजे आदत. मग मधली जोडी पडून मोठे दात येतात, आणि साधारण वर्षाच्या आत-बाहेर एकेक जोडी बदलत पाच वर्षांच्या आसपास बैल जुळतो. खाण्यापिण्यानुसार, जातीनुसार पाच-सहा महिने मागंपुढं होतं, त्यामुळे "बरोब्बर चार वर्षं" म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला जरा हसूनच ऐका.

जुळल्यावर पुढे वय कसं ओळखायचं? झिजेवरून. हा दात वर रुंद आणि बुडाशी अरुंद असतो. वरचा भाग झिजला की अरुंद बूड उरतं, आणि दातांमध्ये फटी दिसू लागतात. म्हाताऱ्या बैलाच्या तोंडात शेवटी नुसत्या खुंट्या राहतात.

पण खरं काम दाढांचं आहे. आपल्याकडचा कडबा, त्यावरची माती, काळ्या रानातली धूळ, हे सगळं दाढेवर घासतं. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावावी लागते ना? दाढेला टाकी लावायला कोण येणार! म्हणून तिच्यात कमी-जास्त कठीण थर असतात. मऊ थर आधी झिजतो, कठीण कवचाच्या कडा वर राहतात, म्हणजे दाढ झिजता झिजताच खडबडीत राहते. शिवाय ती उंच असते, हिरडीतला भाग हळूहळू वर सरकतो. सशाचे दात तर आयुष्यभर वाढतात. हत्तीला प्रत्येक बाजूला एकामागून एक सहा दाढा येतात, आणि साठीच्या आसपास शेवटची झिजली की खाणं अवघड होतं.

बैलाला मात्र दुसरी दाढ येत नाही. अन् इथे आपला प्रश्न सुरू होतो. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे थकलेला बैल दावणीलाच राहतो, आणि तो का वाळतोय हे कळत नाही. जंताचं औषध देऊन पाहतात, पेंड वाढवतात. बिचाऱ्याला चावताच येत नसतं!

खुणा सांगतो. अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे गोळे गव्हाणीत पडतात. शेणात लांब काड्या, अख्खे दाणे दिसतात. एका बाजूने चावतो, लाळ गळते. कधी दाढ एकसारखी न झिजता तिची धार निघते आणि ती गालाला नाहीतर जिभेला लागते. ती धार जनावरांचे डॉक्टर कानस लावून घासून देतात. स्वतः तोंडात हात घालू नका, दाढा बोटं सोडत नाहीत.

बाकी, कडबा अख्खा टाकू नका, कुट्टी करून द्या. पेंड भिजवून द्या, हिरवा चारा असेल तर कोवळा. कुट्टी यंत्र घरी नसेल तर शेजाऱ्याकडून करून आणा, पण म्हाताऱ्या बैलापुढे उन्हाळ्यात कडक धाटं नकोत.

पुढच्या भागात शिंगांवरची वलयं, आणि ती कानशीने घासून वय कसं लपवतात ते.