सुखी राष्ट्रे आणि वाळवणाची राखण

श्रोतेहो, दरवर्षी मार्च महिन्यात, २० तारखेच्या आंतरराष्ट्रीय आनंद दिनाच्या सुमारास, जगातील देशांच्या सुखाचा अहवाल प्रसिद्ध होतो, वर्तमानपत्रे आपला क्रमांक कितवा लागला ते ठळक अक्षरांत छापतात, आणि आठवडा उलटण्यापूर्वी ती चर्चा विरूनही जाते. २०२५ साली १४७ देशांत भारत ११८वा आला आणि फिनलंड सलग आठव्या वर्षी पहिला राहिला, एवढे आपणां बहुतेकांच्या कानावर आलेच असेल. म्हणून त्या यादीची उजळणी मी करीत नाही. मला एकच गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती मी आज दोनतीनदा सांगणार आहे, कारण हा विषय निघाला की बोलणे पैशाकडे, हवामानाकडे नाहीतर लोकसंख्येकडे वळते आणि मुख्य मुद्दा हातातून निसटतो. तो मुद्दा असा, की ज्या देशात माणसाला आपल्या जिव्हाळ्याच्या वस्तूची अष्टौप्रहर स्वतःच राखण करीत बसावे लागत नाही, तो देश सुखी होतो.

आपल्याकडील उन्हाळ्यातल्या वाळवणाचेच पाहा. भरवस्तीतल्या जुन्या वाड्यात एका घरच्या कुरडया गच्चीवर पडल्या, की त्यांची राखण त्या एका घराकडे राहत नसे. जिना उतरणारी पोर जाता जाता कावळा हाकलून जाई, पलीकडच्या बिऱ्हाडाची आजी गहू निवडीत बसली असली तरी तिची नजर त्या धोतराच्या पानावर असे, वावटळीचा रंग दिसताच कोणीतरी हाक मारी, आणि ज्या बाईने पहाटे उठून चीक शिजविला ती दुपारी निर्धास्तपणे घटकाभर पाठ टेकी. आता जेथे शेजारच्या वाळवणाकडे कोणी पाहत नाही अशी गच्ची डोळ्यांसमोर आणा. तेथे प्रत्येक घरचे एक माणूस आपापली काठी घेऊन उन्हात बसलेले असते. कावळ्यापेक्षा शेजाऱ्याचाच त्याला अधिक संशय येतो. आणि घरात बरकत येऊन वाळवण दुप्पट झाले, तर राखणही दुप्पट होते. दोन्ही गच्च्यांवरचे पापड सारखेच खमंग होतील. परंतु दुपार कोणाची सुखाची गेली?

संपत्तीचा प्रश्न मी टाळीत नाही. वाळवण घालावयाचे तर घरात आधी उडदाची डाळ हवी, आणि दारिद्र्यात सुख असते असे सांगणाऱ्याने दारिद्र्य पाहिलेले नसते. पण रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली दाखवून दिले, की एकाच देशातील श्रीमंत मनुष्य गरिबापेक्षा अधिक समाधानी आढळला, तरी सबंध देश श्रीमंत होत गेल्याने त्याचे समाधान त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. २०१२च्या पहिल्या अहवालात अमेरिका ११वी होती. त्यानंतर तेथील दरडोई उत्पन्न वाढत गेले आणि २०२५ साली ती २४वी झाली. या अहवालासाठी लोकांना कोणी हसण्यारडण्याविषयी विचारीत नाही. शून्यापासून दहापर्यंतच्या पायऱ्यांची एक शिडी कल्पावयाची, सर्वांत वरची पायरी म्हणजे आपणांस शक्य असलेले उत्तमोत्तम आयुष्य, आणि आपण आज कोणत्या पायरीवर आहोत ते सांगावयाचे, एवढाच प्रश्न असतो. तेव्हा अबोल, गंभीर मुद्रेचे, दीर्घ काळोखी हिवाळा सोसणारे फिनिश लोक पहिले कसे, हे आश्चर्य आता पुरे झाले.

डेन्मार्कमध्ये तान्ही मुले बाबागाडीत, घराबाहेर किंवा उपाहारगृहाच्या दाराशी, मोकळ्या हवेत निजवून ठेवण्याची रीत आहे. आईबाप आत काचेपलीकडे बसतात, आणि रस्त्यावरून जाणारा अनोळखी मनुष्य मूल रडू लागल्यास आत येऊन सांगेल ही खात्री त्यांना असते. १९९७ साली एका डॅनिश बाईने न्यूयॉर्कमध्ये हीच रीत पाळली, तेव्हा पोलिसांनी मुलाच्या आईबापांना अटक केली आणि मूल काही दिवस सरकारी ताब्यात राहिले. न्यूयॉर्कच्या पोलिसांना मी दोष देत नाही. त्या शहराच्या अनुभवाप्रमाणे ते वागले. पण ती आई, ते मूल आणि ती बाबागाडी तीच होती. बदलली होती ती केवळ रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाविषयीची समजूत, हे आपण ध्यानात घ्यावे.

ही समजूतही नेहमी खरी असते असे नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. ४० देशांतील ३५५ शहरांत, बँका, टपालकचेऱ्या, नाट्यगृहे, पोलीसठाणी अशा ठिकाणी, सतरा हजारांवर पाकिटे ‘रस्त्यात सापडली’ म्हणून तेथील माणसाच्या हाती देण्यात आली. पाकीट पारदर्शक होते. आत मालकाच्या नावाची कार्डे, वाणसामानाची यादी आणि एक किल्ली. काहींत थोडी रोकड आणि काहींत मुळीच नाही. रोकड असलेली पाकिटे कमी परत येतील असे सामान्य लोक म्हणाले, आणि रोकडीमुळे ती अधिक परत येतील असे तज्ज्ञांनाही वाटले नव्हते. प्रत्यक्षात ४०पैकी ३८ देशांत रोकड असलेल्या पाकिटाच्या मालकालाच अधिक प्रमाणात निरोप गेला. घेणाऱ्याला किल्लीचा काय लाभ होणार होता? ती ज्याची त्यालाच उपयोगी. आणि लोकांनी त्या अपरिचिताच्या बंद दाराची काळजी केली. २०२५च्या अहवालाने याच धाग्याचा मागोवा घेऊन म्हटले आहे, की हरवलेले पाकीट परत मिळेल या विश्वासाचा सुखाशी फार निकटचा संबंध आहे, आणि पाकिटे जितकी परत येतात त्याहून ती पुष्कळच कमी येतील असे लोक धरून चालतात. म्हणजे, श्रोतेहो, आपण एकमेकांना आहोत त्याहून वाईट समजतो, आणि त्या गैरसमजुतीपायी काठी घेऊन उन्हात बसतो.

कोणी म्हणेल, त्या उत्तरेकडच्या लोकांचे रक्तच तसे. हे साफ चूक आहे, आणि ते खोडून काढावयास फिनलंडचाच इतिहास पुरेसा आहे. १८६६ ते १८६८च्या दुष्काळात त्या देशाची सुमारे आठ टक्के प्रजा दगावली. स्वातंत्र्य मिळाले डिसेंबर १९१७ मध्ये, आणि पुढच्याच जानेवारीत पुराणमतवादी गोरे आणि समाजवादी तांबडे असे दोन तट पडून यादवी पेटली. चार महिन्यांत, आणि नंतर बंदिवासाच्या छावण्यांत, एकतीसेक लाखांच्या त्या देशातील ३५ हजारांहून अधिक माणसे मेली. गावात कोणी कोणाला मारले हे सर्वांना ठाऊक होते. अशा लोकांनी एकमेकांवर भरवसा ठेवावा तरी कसा? त्यांनी उपदेशाची व्याख्याने योजिली नाहीत. जमिनीपासून आरंभ केला. तेथे मालकाच्या जमिनीवर झोपडे बांधून राहणारी आणि खंडाच्या बदली त्याच्या शेतावर ठरावीक दिवस राबणारी कुळे होती, आणि तांबड्यांच्या बाजूला त्यांतील पुष्कळ जण गेले होते. यादवी मे महिन्यात संपली; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, विजयी गोऱ्यांच्या अमलाखाली, या कुळांना आपली जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा झाला. आपल्याकडील कूळकायद्याची हकीकत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातले मर्म निराळे सांगावयास नको. मार्च १९१९च्या निवडणुकीत समाजवादी लोकशाही पक्षाने २०० पैकी ८० जागा जिंकल्या, आणि कालच्या शत्रूंना सभागृहात बसू देण्यात आले; १९२६ साली त्याच पक्षाच्या व्हाइनो टॅनर यांनी सरकार बनविले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कारेलिया हा प्रदेश गमावल्यावर तेथील चार लाखांहून अधिक निर्वासितांची, म्हणजे दर दहा माणसांमागे एकाहून अधिक माणसांची, तजवीज करण्यासाठी १९४५च्या कायद्याने सरकारची, चर्चची, कंपन्यांची आणि खाजगी मालकांचीही जमीन घेण्यात आली. १९४८पासून प्रत्येक शाळकरी मुलाला शाळेत फुकट जेवण मिळू लागले, ते गरिबाच्या आणि सधनाच्या मुलाला एकाच पंगतीत. ज्यांनी एके काळी एकमेकांवर बंदुका रोखल्या त्यांची नातवंडे ताटल्या घेऊन एका रांगेत उभी राहिली. भरवसा हा असा आला. राखण सामाईक झाली ती आधी अंगण सामाईक झाल्यावर.

मी पुन्हा तेच सांगतो: देशाच्या सुखाचे मोजमाप त्याच्या कोठारातील धान्यावर होत नसून त्या कोठारापाशी किती माणसे किती वेळ जागत बसली आहेत यावर होते. आपल्या शहरांतून नव्या वसाहतींच्या फाटकावर पहारेकरी, नोंदवही आणि कॅमेरे असतात, आणि ज्यांच्या हातचे आपण रोज खातो त्या स्वयंपाकीणबाईंनाही तेथे दररोज सही करावी लागते. निवृत्तिवेतन घेणारा वृद्ध मनुष्य दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देतो. ज्यांना जिना चढवत नाही अशी माणसे या एका कामासाठी मुलाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या आधाराने कचेरीपर्यंत आलेली मी पाहिली आहेत. अलीकडे यंत्रावर बोट किंवा चेहरा दाखवून हे घरबसल्या होऊ लागले आहे, ही चांगली गोष्ट झाली. तथापि जामीन, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, खातरजमा यांत जाणारा आपला काळ कोणत्या राष्ट्रीय उत्पन्नात धरला जातो? उलट पहारेकऱ्याचा पगार, कुलपांची विक्री आणि मुद्रांकांचा वसूल उत्पन्नाच्या जमेच्या बाजूस पडतो, आणि आकडा फुगत जातो. माझ्या तरुण श्रोत्यांना, विशेषतः ज्यांना प्रत्येक अनोळखी माणसापासून सावध राहण्याचे बाळकडू मिळाले आहे त्यांना, माझे आग्रहाचे सांगणे आहे, की सावधपणा जरूर बाळगा, पण चाळीस देशांतील त्या किल्लीचे काय झाले तेही विसरू नका.

कोस्टारिकाविषयी मला सविस्तर बोलावयाचे होते. अमेरिकेच्या मानाने कितीतरी कमी उत्पन्नाचा हा देश २०२५च्या यादीत ६वा आहे. १९४८ साली, त्यांच्याही यादवीनंतर, तेथील नेते होसे फिगेरेस यांनी सैन्यच बरखास्त केले, राजधानीतील बराकीच्या भिंतीवर स्वतः हातोड्याचा घाव घातला, आणि त्या बराकीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. वाचलेला पैसा शाळांकडे व दवाखान्यांकडे वळविण्यात आला. तेथील आरोग्यसेवक घरोघर जाऊन कुटुंबाची विचारपूस कशी करतात आणि त्यामुळे त्या देशाचे आयुर्मान अमेरिकेच्या तोडीचे कसे झाले, हा भाग फार मोलाचा आहे, परंतु तो एका वाक्यात उरकण्यासारखा नाही आणि माझी वेळ संपत आली आहे.