किल्ली कोणाच्या हाती?



आज आपल्याला एका कुलपाविषयी बोलायचे आहे. हे कुलूप लोखंडाचे नाही. ते मुलांच्या हातातल्या मोबाइलमध्ये असते. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र ते आपले आपण लावावे लागते. आणि किल्ली कोणाच्या हाती ठेवायची, तेही आपणच ठरवायचे असते.

२०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. धडे मोबाइलवर येऊ लागले. आपल्या नाशिक जिल्ह्यातही तेच झाले. निफाडचा द्राक्षमळा असो की सुरगाण्याचा डोंगरपाडा, जिथे रेंज मिळाली तिथे मुले फोन घेऊन बसली. पुढे शाळा उघडल्या. फोन मात्र मुलांच्या हातात राहिला तो राहिलाच.

फोन वाईट, असे आम्ही म्हणत नाही. लासलगावला कांद्याचा काय भाव निघाला, ते आपणही फोनवरच पाहतो. मुलाचे गणित अडले तर तिथे ते समजावून सांगणारा मास्तर भेटतो. पण त्याच फोनवर बँकेचा निरोप येतो. त्याच फोनवर अनोळखी माणूस हाक मारतो. जुगारही तिथेच येतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली केंद्र सरकारने कायद्याने बंदी घातली. पण कायदा दिल्लीत झाला, तरी घरातली कडी आपल्यालाच लावावी लागते.

आम्ही गावात विचारतो, “फोनचं कुलूप कोण पाहतं?” उत्तर येते, “पोरगाच पाहतो. आम्हाला काय कळतंय त्यातलं?”

मंडळी, हे म्हणजे कुंपणाची किल्ली वासराच्याच गळ्यात बांधण्यासारखे झाले! वासरू वाईट नसते. पण त्याला हिरवे पीक दिसले की ते जाणारच.

आता तुम्ही वाचायला शिकला आहात. अंगठा गेला, सही आली. तर मग ही किल्लीही तुमच्या हाती आली पाहिजे. त्यासाठी चार कामे करा. एका दिवसात नको. रोज एक करा.

पहिले काम भाषेचे. फोनमध्ये ‘सेटिंग’ नावाची जागा असते. तिथे भाषा बदलता येते. तिथे मराठी निवडा. मग फोनच्या पाट्या मराठीत दिसू लागतील. अक्षर लावून लावून वाचा. घाई नको. जे वाचता येत नाही, त्यावर ‘होय’ म्हणून बोट ठेवू नका.

दुसरे काम कुलपाचे. घरात एकच फोन असेल आणि तो मूलही वापरत असेल, तर प्ले स्टोअर उघडा. हे ॲप मिळायचे दुकान. वर कोपऱ्यात आपले चित्र किंवा नावाचे अक्षर असते. त्यावर बोट ठेवा आणि सेटिंगमध्ये जा. तिथे कुटुंबाच्या भागात पालकांच्या नियंत्रणाची ओळ सापडेल. ती चालू करा. फोन चार आकड्यांचा पिन मागेल. हीच किल्ली. मुलाची जन्मतारीख किंवा १२३४ असा पिन ठेवू नका. ते मूल पहिल्या झटक्यात ओळखते. मग वय निवडा. त्या वयाला न शोभणारे नवे ॲप पिनशिवाय उतरवता येणार नाही. पण ध्यानात ठेवा, आधीच घेतलेली ॲप तशीच राहतात. ती एकेक पाहून नको ती काढून टाका. त्याच सेटिंगमध्ये, खरेदीच्या वेळी दर खेपेला ओळख विचारावी, अशीही सोय आहे. ती चालू ठेवा. आणि पैसे पाठवायचा यूपीआय पिन मुलाला कधीही सांगू नका.

मुलाचा फोन वेगळा असेल, तर गूगलचे ‘फॅमिली लिंक’ नावाचे ॲप आहे. ते आई किंवा बाप आपल्या फोनवर घेतो आणि मुलाच्या खात्याशी जोडतो. मग दिवसाला किती वेळ फोन चालावा, रात्री किती वाजता बंद व्हावा, हे आपल्या फोनवरून ठरवता येते. मुलाला नवे ॲप हवे असेल, तर आधी आपल्याकडे विचारणा येते. आयफोनमध्ये हेच काम ‘स्क्रीन टाइम’ करते.

तिसरे काम डागडुजीचे. पावसाळ्याआधी आपण कौले चाळतो. का? कुठले कौल फुटले ते पाऊस आल्यावर कळून उपयोग नसतो. ॲपचेही तसेच आहे. त्यात फटी राहतात. चोर त्या शोधून काढतात. मग कंपनी फट बुजवून नवे रूप पाठवते. त्यालाच अपडेट म्हणतात. अपडेट केले नाही, तर फट उघडी राहते.

प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवले, की ॲप सांभाळायची जागा दिसते. तिथे सगळी ॲप एकदम अपडेट करता येतात. आठवड्यातून एक वार ठरवा. बाजाराचा वार ठरवलात तर विसरणार नाही. फोनचे स्वतःचेही अपडेट येते. ते सेटिंगमध्ये पाहावे. फोन चार्जिंगला लावून रात्री केले तर बरे.

अपडेटनंतर एकदा कुलूप पाहा. अपडेटबरोबर ॲपमध्ये नव्या गोष्टी येतात. कालपर्यंत नुसता खेळ होता, आज त्यात अनोळखी लोकांशी बोलायची सोय आलेली असते. तुमचा आवाज ऐकू का, नंबर पाहू का, असे ॲप विचारते. खेळाला आपल्या नातेवाइकांचे नंबर कशाला हवेत? ‘नाही’ म्हणा.

आणि एक गोष्ट पक्की गाठीला बांधा. अपडेट दुकानातूनच घ्यायचे. व्हॉट्सॲपवर आलेले घ्यायचे नाही. कोणी लग्नपत्रिका पाठवतो. कोणी गाडीचा दंड पाठवतो. कोणी पीएम किसानचे पैसे अडकलेत म्हणून फाइल पाठवतो. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असे असते. ती उघडली की चोरच घरात आला समजा. बँकेचे निरोप तो वाचतो आणि खाते रिकामे करतो. मूल गमतीने ती फाइल उघडते आणि बापाची कांद्याची पट्टी जाते. असे झालेच, तर रडत बसू नका, पोराला मारू नका. तडक १९३० या नंबरवर फोन करा. जितकी घाई कराल, तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

चौथे काम सर्वांत मोठे. ते बोलण्याचे. कुलूप लावताना मुलाला समोर बसवा. का लावतो ते सांगा. चोरून लावलेले कुलूप मूल चोरूनच उघडते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची गोष्ट ऐका. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास त्या गावाने ठराव केला. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद होऊ लागले. ८.३० पर्यंत मुले अभ्यासाला बसू लागली. दीड तास! हे जमेल का, अशी आधी गावालाच शंका होती. मग बायकांची सभा झाली. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, ग्रामपंचायतीचे लोक, पेन्शनीत गेलेले मास्तर घरोघर फिरले. त्यात एक मुद्दा पाहण्यासारखा आहे. भोंगा एकट्या मुलांसाठी वाजत नाही. तो बापासाठीही वाजतो, मालिका पाहणाऱ्या आईसाठीही वाजतो. आपण फोन डोळ्यांपुढून हलवायचा नाही आणि मुलाला ‘ठेव तो फोन’ म्हणायचे, याला मूल काय किंमत देणार?

शेवटी बागाईतदारांना त्यांच्याच भाषेत सांगतो. द्राक्षाची कोवळी वेल आपण बांबूला सुतळीने बांधतो. बांधली नाही तर ती जमिनीवर लोळते. पण खोड जाड होऊ लागले की गाठ सैल करतो. तशीच ठेवली तर सुतळी खोडात रुतते. मुलाचे तसेच आहे. आठ वर्षांच्या मुलाची गाठ घट्ट असावी. सोळा वर्षांच्या मुलीची सैल असावी. दर वर्षी वाढदिवसाला गाठ तपासा आणि एक अडसर मुलाच्या भरवशावर काढा.

आणि मूल घाबरून आले, कोणी फोटो मागतो म्हणाले, धमकी देतो म्हणाले, तर फोन हिसकावू नका. आधी जवळ घ्या. फोन जाईल या भीतीनेच मुले गप्प बसतात. आलेले निरोप पुसू नका, पुरावा म्हणून राहू द्या. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. लिहायला तर आता तुम्हाला येतेच.

मग आज घरी गेल्यावर पहिले काम करा. फोन मराठीत आणा आणि मुलाला म्हणा, “बस शेजारी. आता मी वाचतो, तू ऐक.”