आधी इसब, की आधी अ‍ॅलर्जी?

तान्ह्या बाळाच्या गालांवर लाल चट्टे उठले, खाजवून खाजवून त्यातून लस येऊ लागली, की आपल्याकडे घरातल्यांची पहिली नजर जाते ती खाण्याकडे. बाळाचं अंडं बंद, आईचं वांगं आणि शेंगदाणे बंद. काहीतरी बाधलं म्हणून अंगावर उठलं, असा हा सरळ तर्क. इसब झालेल्या बऱ्याच मुलांना पुढे अन्नाची अ‍ॅलर्जी, सतत शिंका किंवा दमा होतो, हे खरंच आहे; त्यामुळे तो पटतोही. पण गेल्या वीसेक वर्षांतला पुरावा पाहिला तर हा क्रम अनेक मुलांत उलटा दिसतो. आधी कातडी बिघडते आणि अ‍ॅलर्जी त्या बिघडलेल्या कातडीच्या वाटेनं मागून येते.

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं, की फिलाग्रिन नावाचं प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका पुष्कळ वाढतो. कातडीचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवणं हे या प्रथिनाचं काम. श्वासनलिकांच्या अस्तरात ते सापडत नाही. तरीही हा दोष आणि इसब दोन्ही असलेल्या मुलांना दमा जास्त होतो. याचा उलगडा कातडीकडे पाहिल्याशिवाय होत नाही. जपानमधली घटना तर याहून बोलकी आहे. गव्हाचं प्रथिन बारीक तुकडे करून घातलेला, चेहऱ्याला लावायचा एक साबण तिथे भरपूर खपला. आयुष्यभर पाव आणि नूडल्स बिनतक्रार खाल्लेल्या बायकांच्या पापण्या गहू खाल्ल्यावर सुजू लागल्या. खाऊन थोडी दगदग केली तर काहींना धापही लागे. असे २,००० हून अधिक रुग्ण निघाले आणि २०११ मध्ये साबण परत मागवावा लागला. पोटाला वर्षानुवर्षं चाललेला गहू चेहऱ्यावर रोज चोळल्यामुळे शरीराला परका वाटू लागला होता.

मग अन्न बंद करून काय साधतं? लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटानं तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत टाळायला सांगितलं. सुरुवातीची कातडीवरची चाचणी कोरी आलेल्या मुलांत, टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली. खाणाऱ्यांत फक्त १.९ टक्के. हे निष्कर्ष २०१५ साली आले आणि टाळण्याचा जुना सल्ला मोडीत निघाला. अर्थात इतक्या लहान बाळाला अख्खा दाणा कधीच द्यायचा नाही, तो घशात अडकतो. आणि इसब तीव्र असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच.

यावर कुणी म्हणेल, काही मुलांचं इसब दूध-अंड्यानं खरोखरच भडकतं. भडकतं, आणि तपासून खात्री झाली तर तो पदार्थ थांबवावाच. नुसत्या संशयावरून मात्र नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कातडी हेच दार असेल, तर पहिल्या दिवसापासून मलम चोपडून सगळं टळायला हवं. ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर ते करून पाहिलं. २०२० साली निकाल आला, इसब टळलं नाही. पण धोका असला तरी अजून इसब न झालेल्या कातडीला वंगण लावणं वेगळं आणि सुजलेल्या कातडीची सूज उतरवणं वेगळं. हा दुसरा प्रयोग जपानमध्ये झाला. इसब झालेल्या बाळांवर लवकर आणि नेटानं स्टिरॉइड मलमांचे उपचार केले, तेव्हा अंड्याची अ‍ॅलर्जी सुमारे ४२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आली. त्या बाळांचं वजन आणि उंची मात्र थोडी कमी भरली, म्हणून मलम किती जोराचं आणि किती दिवस, हे प्रमाण अजून ठरायचं आहे.