कोरे गावठाण: नकाशांतून इंदापूरचा इतिहास

भीमा आणि नीरा या नद्यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका आहे. दोन्ही नद्या त्याच्या टोकाला, नरसिंहपूरजवळ मिळतात. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, एवढाच या गावाचा उल्लेख राज्याच्या इतिहासात सहसा येतो. जमीनमोजणीच्या इतिहासात मात्र इंदापूरचे नाव पहिल्या पानावर आहे. पुढे मुंबई इलाखाभर आणि वऱ्हाडातही पसरलेली मोजणी-आकारणीची पद्धत याच तालुक्यात आकाराला आली. म्हणून जुन्या नकाशांवरून लहान गावाचा इतिहास कसा वाचावा, हे समजून घ्यायला इंदापूरइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

१८२७ नंतर प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने पुणे भागाची पाहणी केली. पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा घालायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवायचा, असे त्याचे गणित होते. कागदावर बिनचूक वाटणारे हे गणित शेतात टिकले नाही. सारा थकला, जमिनी पड पडल्या. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले आणि १८३६ मध्ये तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी लागू झाली. जमिनीची प्रत आण्यांत ठरू लागली. या अनुभवाचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधले गेले.

या मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या जमिनीचा एक सर्व्हे नंबर, असा साधारण हिशोब होता. मोजणीदाराने जागेवर केलेल्या टिपणावरून गावनकाशा तयार होई. त्यावर शीव, नंबरांचे बांध, ओढे, वाटा यांच्या खुणा असत. लगतच्या शेतांना ओळीने क्रमांक मिळत गेल्यामुळे मोजणी शिवारात कुठून कुठे सरकत गेली, हेही अशा नकाशावरून ताडता येते.

प्रत्येक नकाशा कोणत्या तरी कचेरीच्या गरजेतून जन्मतो. महसुली नकाशाची गरज साऱ्याची होती. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून पेठ, गल्ल्या, वाडे, देवळे, गढी यांचे तपशील तिथे मिळत नाहीत. गावाच्या जागी एक बाह्यरेषा आणि आत बहुतेक कोरी जागा असते. जिथे माणसे राहत होती तीच जागा मोकळी आणि जिथे ती कसत होती तिथला बांधन् बांध काढलेला. इंदापूरच्या मोजणीवरून पेठेचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक म्हणूनच निराश होतो, आणि शिवाराचा लिहू पाहणाऱ्याला मात्र घबाड सापडते.

कोऱ्या जागेचे उत्तर नगर भूमापनाच्या नकाशात असते. तिथे गरज मालकीची होती, त्यामुळे घरन् घर, बोळ, सामाईक विहीर, पडकी जागा यांना क्रमांक मिळतात आणि चौकशी नोंदवहीत त्या क्रमांकापुढे धारकाचे नाव व हक्काचा प्रकार येतो. बोळ कुठे अरुंद झाला, वाड्याच्या वाटण्या कशा पडल्या, देवस्थानची जागा किती होती, हे नकाशा आणि नोंदवही शेजारी ठेवूनच कळते.

तिसरा प्रकार भारतीय सर्वेक्षण खात्याच्या स्थलदर्शक पत्रकांचा. जुनी पत्रके एका मैलाला एक इंच या प्रमाणाची, नंतरची १:५०,००० प्रमाणाची. इंदापूर ४७ एन/४ या पत्रकात येते; परंतु गाव ७५ अंश पूर्व रेखावृत्ताच्या अगदी जवळ असल्याने पश्चिमेकडचा मुलूख पाहायला ४७ जे/१६ जोडून घ्यावे लागते. पत्रक वाचताना एक पथ्य आवश्यक आहे: पाहणीचे वर्ष आणि छपाईचे वर्ष वेगळे असते. इतिहासाला पाहणीचे वर्ष लागते.

खरा इतिहास दोन पाहण्यांमधल्या फरकात सापडतो. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये डिकसळपर्यंत आला. नव्या पाहणीत रूळ आणि स्थानक उमटले. कळंबच्या रानात वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला आणि नकाशावर वालचंदनगर हे नवे नाव आले. सर्वांत मोठा फरक उजनी धरणाचा. ते १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमेच्या पात्राची निळी रेघ फुगून जलाशय झाली. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाण्याखाली गेले. पाणी फार खाली गेले की ते उघडे पडते. डिकसळजवळचा जुना लोहमार्ग सोडून द्यावा लागला आणि भीमेवरचा रेल्वेपूल पुढे रस्त्यासाठी वापरात आला. बुडालेली गावठाणे, घाट आणि नदीकाठच्या मळ्या कुठे होत्या, हे आज जुन्या पत्रकांवरूनच नेमके सांगता येते.

हे नकाशे एकमेकांवर बसवताना दोन्हींत कायम असलेल्या खुणा शोधाव्या लागतात: देऊळ, पूल, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. क्यूजीआयएससारख्या मोफत संगणक प्रणालीत हे काम घरबसल्या होते. गावनकाशावर अक्षांश-रेखांश नसतात आणि जुना कागद आक्रसलेला असतो, म्हणून खुणा चारपाच नव्हे, शिवारभर विखुरलेल्या घ्याव्यात.

यापुढचे काम शिवारात करायचे असते. त्याआधी कागद वाचावे लागतात; जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात. १९४७ च्या कायद्यानुसार झालेल्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ आधी घालावा लागतो. बांधांची, ओढ्यांची, माळांची नावे मात्र क्रमांकांत मावत नाहीत. ती म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. स्थानिक इतिहासाच्या परिषदांनी तालुक्यागणिक तीन कामे अंगावर घ्यावीत: गावनकाशे, नगर भूमापनाचे नकाशे आणि स्थलदर्शक पत्रके यांच्या प्रती एकत्र करणे, मोडी टिपणांचे लिप्यंतर करणे आणि शिवाराची नावे त्या-त्या नंबरावर लिहून ठेवणे. मोजणीदाराने नंबर लिहिले. नावे लिहायची अजून राहिली आहेत.